परसातलं ऊन

पुणे, कसबा. चैत्र वद्य पंचमी, शके १७१४

चिरंजीव श्रीधरास आशीर्वाद.

उज्जैनीहून पाठवलेलं तुझं पत्र पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी हाती आलं. मैनेनं ते आधी गोदूच्या कपाळाला लावलं. गोदूनं ते चाटून पाहिलं. तुझ्या लेकीला तुझं अक्षर पसंत पडलं असं समज.

तू लष्करात सुखी आहेस, तुझ्या सरदारांची, थोरल्या रावांची, मर्जी आहे, पुढच्या साली पथकाची फडणिशी मिळेल असा रंग आहे, हे वाचून बरं वाटलं. त्यांचे धाकटे बंधू जयसिंगराव इथे आपल्या भिंतीला लागून हवेली बांधताहेत, हे तुला तिकडे कळलं आहेच. शेजार मोठ्यांचा आहे, सांभाळून असावं, असं तू लिहितोस. आम्ही सांभाळूनच आहोत. त्यांचे गवंडी आमच्या परसात चुना सांडतात, तो आम्ही भरून बाहेर टाकतो.

तू आम्हाला गावाहून, गराड्याहून इथे आणलंस आणि महिन्याभरात स्वारीवर गेलास. म्हणून विचारतोस, घर कसं आहे. तीन खोल्या आहेत, त्या तुला माहीत आहेत. पुढून तांबटांची आळी आहे, तीही माहीत आहे. पण तू होतास तेव्हा तीन-चार घरांतून ठोकत असत. आता साऱ्या शहराला एकदम हंडे आणि बंब लागले आहेत. उजाडायच्या आधी एक हातोडा सुरू होतो, त्याला दुसरा मिळतो, आणि दिवेलागणीपर्यंत आपण काय बोललो ते आपल्यालाच पुन्हा बोलावं लागतं. माणसं चांगली आहेत. पोटासाठी ठोकतात, त्यांना काय म्हणणार. मला आताशा कमी ऐकू येतं, त्यामुळे माझं बरं चाललं आहे. गोदू तर लाटणं घेऊन ताटलीवर ठोकते आणि "तांबू, तांबू" करत नाचते.

मैना बरी आहे. डोकं दुखतं म्हणून सुंठ उगाळून लावते. रात्री झोप लागत नाही म्हणाली. मी म्हटलं, नवरा लांब असला की तरण्या मुलीची झोप उडतेच, त्यात नवल काय. ती हसली नाही. गराड्याला असताना जात्यावर बसली की शेजारणी तिच्या ओव्या ऐकायला येत. इथे ती मुकाट्यानं दळते.

शरीर सांभाळ.

तुझी आई

पुणे. ज्येष्ठ वद्य द्वादशी

चिरंजीव श्रीधर, तुला आशीर्वाद.

हवेलीची भिंत पुरी झाली. दोन मजले आणि वर गच्ची. आपल्या परसात सकाळचं ऊन यायचं, त्यात गोदूचे कपडे, वाळवण, तुझ्या वडिलांच्या वेळच्या गोधड्या, सगळं निभायचं. आता भर दुपारी एका कोपऱ्यात तळहाताएवढं ऊन उतरतं, आणि मांजर तिथे अंग टाकायच्या आत निघून जातं. कपडे दोन दिवस आंबट वास मारत पडतात. कणगीतल्या जोंधळ्याला खालून बुरशी धरली. गोदूच्या पाठीवर पुरळ उठली आहे. मी हळद लावते.

मागच्या बाजूला त्यांनी पागा केली. घोडे देखणे आहेत. माश्या मात्र त्यांच्याकडे राहत नाहीत, आपल्याकडे राहतात. आणि भिंतीच्या पलीकडे, आपल्या आडापासून हातभर काठी टाकली तर पोचेल इतक्यावर, नोकरचाकरांसाठी शौचकूप खणलं आहे.

मी त्यांच्या कारभाऱ्याकडे गेले. तू सांगितलंस तशी, सांभाळून. म्हटलं, "आमचा पिण्याचा आड अगदी लागून आहे. तो खड्डा थोडा पलीकडे घेता आला तर बघावं."

तो पान लावत होता. म्हणाला, "मातोश्री, हवेलीची आखणी झाली. आड पलीकडे घेता आला तर आपणच बघा."

बसलेले सगळे हसले. मीही हसले असते, आड दुसऱ्या कुणाचा असता तर.

हौदावरून पाणी आणावं म्हणशील. हौदाकडे येणाऱ्या नळाला वाटेत हवेल्यांनी फाटे फोडले आहेत. त्यांच्या कारंज्यांतून उरेल ती धार हौदात पडते आणि तिच्यासाठी पहाटेपासून हंडे लागतात. परवा दोन बायकांची तिथे झोंबाझोंबी झाली. मैना दोनदा गेली, दोन्ही वेळा रिकामा हंडा घेऊन आली. तिसऱ्यांदा जा म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

मैनेबद्दल लिहायचं आहे. ती कानात कापूस घालून वावरते. गोदू हाका मारून रडकुंडीला येते तरी हिला पत्ता नसतो. मी रागावले, काढ तो कापूस म्हटलं. ती म्हणाली, "आई, गोदूची हाक आणि हातोडा मला एकसारखाच लागायला लागलाय डोक्यात. असू द्या ना कापूस." काल ती कणगीवर चढून वरच्या झरोक्याला तोंड लावून उभी होती. मी विचारलं, काय बघतेस. म्हणाली, "आभाळ आहे का ते बघत होते."

चार महिने गराड्याला जाऊन येऊ का, असं ती विचारते. मलाही वाटतं. घर बंद आहे, पण चुलत्यांकडे किल्ली आहे. तुझा रुकार आला की निघू. नाही म्हणू नकोस.

तुझी आई

पुणे. श्रावण वद्य नवमी

चिरंजीव श्रीधर,

तुझं उत्तर पोचलं. घर बंद करून गेलो तर आम्ही शेजारावर रुसून गेलो असं दिसेल, जयसिंगराव ते थोरल्या रावांना कळवतील, आणि ऐन वेळेला तुझ्या फडणिशीला खोडा बसेल, हे समजलं. आम्ही इथेच आहोत.

आळीत ढाळ आणि वांतीची साथ आहे. समोरच्या तांबटांकडचा मुलगा आणि त्याची आजी एका दिवसात गेली. इतरही घरांत आहे. तू काळजी करू नकोस.

गोदू बरी आहे. आताशा काही त्रास देत नाही. मैना कामात असते.

कासीद घाईत आहे.

आई

पुणे. आश्विन वद्य तृतीया

श्रीधर,

कुठे एकटा असशील तर बरं. उभा असशील तर बस आणि मग पुढे वाच.

आपली गोदू गेली. मागचं पत्र लिहिलं तेव्हा ती गेलेली होती. तू लढाईच्या तोंडावर आहेस असं कासीद म्हणाला, आणि माझ्या हातून "बरी आहे" हीच अक्षरं निघाली. आता लढाई टळली असं ऐकते, म्हणून लिहिते.

श्रावणातल्या सोमवारी सकाळी ती उठली ती मळमळतं म्हणत. दुपारपर्यंत पोटात काही राहिलं नाही. वैद्य आले, मात्रा दिली, ती उलटली. सारखं पाणी मागत होती. मी पाजत होते, श्रीधर. त्याच आडाचं. हडपसरहून दूध घालायला येणारी सोजरबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "आजी, ह्ये पानी वास मारतंय. लेकराला नगा दिऊ." मी तांब्या नाकाशी धरला. मला चुन्याचा, घोड्यांचा, नागझरीच्या नाल्याचा, सगळ्यांचा मिळून जो वास रोज येतो तोच आला. इथे वेगळा वास ओळखायला नाक उरलंय कुठे. सोजरबाईनं आपल्या चरवीत गावाहून आणलेलं पाणी दिलं. तोवर गोदूचे डोळे खोल गेले होते. दिवे लागायच्या सुमारास तिनं हात उचलून काहीतरी ठोकल्यासारखं केलं. मग थांबली.

नदीकाठी नेऊन पुरली. चुलते आले होते. जयसिंगरावांकडून कुणी आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या गच्चीवर गाणं होतं, ते आम्हाला ऐकू आलं. मलाही ऐकू आलं.

मैना रडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आडाशी गेली आणि पोहरा सोडला. मला वाटलं, अंघोळीचं पाणी काढते आहे. तिनं पोहरा ओढला आणि दाराबाहेर नेऊन गल्लीत ओतला. मग दुसरा. मग तिसरा. मी विचारलं, "काय करतेस ग?"

"उपसते."

"कशाला?"

"तळ बघायचाय."

दुपार झाली तरी ती उपसतच होती. हाताची सालं निघून दोराला रक्त लागलं. गल्लीत चिखल झाला तशी माणसं जमली. कुणी म्हणालं, धरा तिला. मी कुणाला हात लावू दिला नाही. सोजरबाई दूध घालून परत निघाली होती, तिनं चरव्या खाली ठेवल्या आणि मैनेच्या जोडीनं रहाट धरला. तांबटांकडची दोन माणसं हातोडे टाकून आली. त्यांचंही एक मूल गेलं होतं. दुपारनंतर त्या दिवशी आळीत ठोकणं नव्हतं. मला ती शांतता फार वाईट वाटली.

ऊन कलायच्या आत तळ दिसला. एक तांबट दोराला धरून उतरला. खालून ओरडला, "हवेलीच्या बाजूनं पाझरतंय." हवेलीच्या अंगाच्या दगडांतून काळी ओल येत होती, हात लावला तर बुळबुळीत. त्यानं एक चिंधी त्यात भिजवून वर पाठवली. वास सांगायची गरज नाही. मैनेनं ती चिंधी हातात घेतली, हुंगली आणि म्हणाली, "हेच मी तिला दिलं." मी म्हटलं, मी दिलं, तू नाही. तिनं ऐकलं की नाही, ठाऊक नाही.

तू सांभाळून राहा म्हणाला होतास. मी दुसऱ्या दिवशी उठून फिर्याद गुदरली. पाहणीला एक सरकारी माणूस आला. आडात वाकून पाहिलं, नाकाला उपरणं लावलं, मग हवेलीत गेला. बराच वेळ तिथे होता. बाहेर आला तेव्हा अंगाला अत्तराचा वास होता. म्हणाला, "बाई, आड जुना आहे. जुन्या आडाला पाझर असतातच. साथ तर साऱ्या शहरात आहे, ती काय जयसिंगरावांनी आणली?" मग आत मैनेकडे पाहिलं. ती कणगीवर बसली होती. त्यानं आपल्या माणसाकडून लिहून घेतलं की घरातली सून भ्रमिष्ट आहे, तिनंच आड उपसून गल्लीची नासाडी केली, तिला घरात बंदोबस्तानं ठेवावं.

अशी फिर्याद निकाली निघाली.

तू बाप आहेस. तुला काय लिहू. तिला तुझं तोंड आठवत नव्हतं, पण रोज पत्रांची पेटी उघडून "बाबा" म्हणायची.

आई

पुणे. मार्गशीर्ष शुद्ध एकादशी

श्रीधर,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या दोन ओळी गोदूच्या आहेत. त्या वाचून मी खूप रडले, आणि मला वाटलं, माझा मुलगा आहे हा. तिसऱ्या ओळीपासून थोरले राव आहेत. मी फिर्याद केल्यानं तुझी किती अडचण झाली, जयसिंगरावांची क्षमा कशी मागावी, कुणाला मध्यस्थ घालावं, हे सगळं तू सविस्तर लिहिलं आहेस. अक्षर तुझं सुंदरच आहे, लहानपणापासून.

मैनेला बाधा झाली असेल, देवऋषी बोलाव, असंही लिहितोस. मी बोलावला. तू सांगितलंस म्हणून नाही, मला काही सुचत नव्हतं म्हणून. तेव्हा ती जेवत नव्हती, केस विंचरू देत नव्हती. भिंतीला कान लावून बसायची आणि म्हणायची, "पलीकडे पाणी वाजतंय." देवऋषीनं माजघराचं दार लावलं, झरोक्यात चिंध्या कोंबल्या आणि निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या. मी दाराबाहेर बसले होते. आतून खोकला ऐकू येत होता, मग तोही येईना. मी दार उघडायला लावलं. तो म्हणाला, "अजून बोललं नाही ते." मी म्हटलं, "जे बोलणार होतं ते मरायला टेकलंय, तू नीघ." ती जमिनीवर पडली होती, ओठ निळे झाले होते. तिला परसात ओढून आणलं. त्या परसात तरी हवा कुठली. पागेतलं तूस उडत होतं.

तेव्हापासून तिचा खोकला थांबलेला नाही. त्याआधीही होता, मी तुला लिहिला नव्हता. पावसाळाभर ओल्या भिंतीला पाठ लावून ती निजत होती.

काल वैद्य आले. नाडी पाहिली. पुडी बांधून दिली आणि तशीच हातात धरून बसले. मी विचारलं, "काय झालं?"

म्हणाले, "औषध देतो. पण या घरात बसून घेतलेलं औषध या घरालाच लागणार, तिला नाही."

"मग काय करू?"

"जिथे ऊन आहे तिथे न्या. तिच्या छातीत ओल आहे आणि डोक्यात आवाज आहे. दोन्हीवर माझ्याकडे मात्रा नाही."

मी त्यांना दक्षिणा दिली, त्यांनी घेतली नाही.

आम्ही गराड्याला निघतो आहोत. तुझा रुकार मागत नाही. जयसिंगरावांना काय वाटेल ते तू तिकडे बसून निस्तर, तुला ते जमतं. सोजरबाईच्या नवऱ्यानं, संभाजीनं, गाडी द्यायचं कबूल केलं आहे.

आई

गराडे. पौष वद्य षष्ठी

श्रीधर,

आम्ही पोचलो. वाट लांबली, कारण मैनेला बसवत नव्हतं. गाडीत पेंढा घालून तिला निजवलं. आळीतून निघताना तांबटांनी हातोडे थांबवले. एका बाईनं मैनेच्या पायाशी लहानशी तांब्याची वाटी ठेवली.

हडपसरला सोजरबाईच्या अंगणात मुक्काम केला. तिनं मैनेला बाजेवर निजवलं आणि स्वतः खाली बसून तिचे केस सोडवले. नुसती पुटपुटत होती, "निजा वैनी, हितं कोन बी न्हाई ठोकत." केसांत एवढ्या गाठी होत्या की शेवटी काही कापाव्या लागल्या. मैना रडली. श्रावणापासून पहिल्यांदा रडली. सोजरबाईनं तिला थांब म्हटलं नाही, मीही नाही. रडून झाल्यावर ती झोपली आणि दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर येईपर्यंत उठली नाही. मी चारदा नाकाशी हात धरून पाहिलं.

दिवे घाटात चढणीला संभाजीनं बैल थांबवले, दम घ्यायला. मैना म्हणाली, "मला खाली उतरवा." धरून उतरवलं. ती दगडावर बसली आणि खालचं सगळं रान बघत राहिली. मग हात वर करून कानांतला कापूस काढला. मी विचारलं, काय ग? म्हणाली, "काही नाही ऐकू येत, आई. खरंच काही नाही."

घर झाडून घेतलं आहे. पुढच्या पडवीत तिची बाज टाकली आहे, सकाळपासून ऊन असतं. पाणी कऱ्हा नदीचं आणतो. विहिरीजवळ ती जात नाही, मीही नेत नाही. खोकल्यात रक्त आहे, ते इथे आल्यावरही आहे. दूध थोडं घेते. परवा चुलत्यांच्या सुनेला विचारत होती, मेथी पेरली का म्हणून.

एवढंच आहे. याहून चांगलं असतं तर लिहिलं असतं.

आई

गराडे. फाल्गुन वद्य चतुर्थी

श्रीधर,

तू माघात पुण्याला परत आलास हे मला सोजरबाईकडून कळलं. घाट चढून यायला तुला सवड झाली नाही, हे मी समजू शकते. फडणिशीची वस्त्रं घ्यायची होती, भेटीगाठी होत्या. आणि लग्न ठरवायचं होतं.

पहिली बायको भ्रमिष्ट आहे असा सरकारी कागद तुझ्याकडे आहे, त्यामुळे मुलीच्या बापाला समजावणं सोपं गेलं असेल. जयसिंगरावांनीच स्थळ सुचवलं म्हणे. मुलगी तेरा वर्षांची, सासवडच्या वाटेवरच्या खेड्यातली, अंगणात वाढलेली. मी येऊन विहीणपण मिरवावं म्हणून तू माणूस पाठवलास. तू स्वतः जयसिंगरावांच्या हवेलीत उतरला आहेस असं तो माणूस म्हणाला. म्हणजे आपल्या घरात तू एक रात्रही काढली नाहीस. ते तू शहाणपणाचं केलंस. त्या मुलीला मात्र तिथे ठेवून पुन्हा उज्जैनीला जाणार होतास.

मी आले होते, हे तुला माहीत आहे. मिरवायला आले नव्हते. त्या मुलीच्या आईला मी आपल्या घरी नेलं. किल्ली घाईत गराड्याला राहिली होती, कुलूप तोडावं लागलं. तिला माजघरात उभं केलं आणि दार लावून घेतलं. समोर हातोडे चालू होते. तिनं काहीतरी विचारलं, मला ऐकू आलं नाही, तिनं पुन्हा विचारलं. मग तिला परसात नेलं आणि आडावरची फळी सरकवली. ती वाकली आणि मागे सरली. मी सांगितलं, "माझी नात हे पाणी पिऊन गेली. माझी सून वेडी नाही, तिला इथे ठेवलं होतं. माझा मुलगा वाईट नाही, तो इथे नसतो. आता तुम्ही ठरवा."

ती बाई म्हणाली, "आपण स्वतःच्या मुलाचं लग्न मोडताय."

मी म्हटलं, "हो."

तिनं माझ्या पायांना हात लावला आणि गेली. लग्न मोडलं. साऱ्या पेठेत तुझी शोभा झाली, जयसिंगरावांनी तुला हवेलीतून दुसरीकडे राहायला सांगितलं, आणि तू मला चार ओळींचं पत्र पाठवलंस की आजपासून तू माझी आई नाहीस. ते पत्र मी ठेवलेलं नाही. चुलीत घातलं.

हे लिहिते ते तुला उत्तर म्हणून नाही. मैनेचं सांगायचं आहे.

तिची छाती फार खालावली आहे. इथले वैद्य म्हणाले, थोडं लवकर निघायला हवं होतं. डोकं मात्र आता निवळलं आहे. दुखत नाही, रात्री झोपते, जाग आली तर मला हाक मारून किती रात्र झाली ते विचारते आणि पुन्हा झोपते. गोदूबद्दल बोलते. आधी तिचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करायची, आता तिचे हट्ट सांगते आणि थोडं हसतेही. परवा पडवीत पडल्या पडल्या जात्यावरची एक ओवी म्हणायला लागली. दोन ओळी झाल्या आणि खोकला आला. शेजारच्या घरातून चुलत्यांच्या सुनेनं पुढची ओळ उचलली. मैना डोळे मिटून ऐकत राहिली.

तुझ्या लग्नाचं मी तिला सांगितलं, ठरलेलंही आणि मोडलेलंही. इथे लपवायला जागा नाही, घर उघडं आहे. तिनं विचारलं, "ती मुलगी परत आपल्या घरी गेली ना?" हो म्हटलं.

आता हे लिहिताना ती बाजेवरून बघते आहे. मघाशी म्हणाली, "त्यांना लिहिताय?"

"हो."

"काय लिहिताय?"

"ये म्हणून लिहिते."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला. मग म्हणाली, "पावसाच्या आधी या म्हणावं. मग घाटात चिखल होतो."

पावसाला अजून अवकाश आहे. वैद्यांनी तिला इतका अवकाश दिलेला नाही. तिलाही ते ठाऊक आहे असं मला वाटतं, पण तिनं सांगितलं तेच मी लिहिते.

पावसाच्या आधी ये.